बियाण्याचा पिंजरा

"परत कुठं टाकतोयस, काका? त्याच पाण्यात?"

खाडीत तरंगणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यातून उडी मारून कडेच्या फळ्यांवर येऊन पडलेला सॅमन हालगेरने दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि पुन्हा पाण्यात सोडला. मासा हातभर खाली गेला, वळला आणि परत वर आला. या खेपेला त्याने उडी घेतली ती थेट लोखंडी कठड्यावर. जबडा फुटल्याचा आवाज बोटीवर उभ्या असलेल्या सोलफ्रिदलाही ऐकू गेला.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

सोलफ्रिद ही हालगेरच्या मेव्हण्याची, ओडवारची मुलगी. मत्स्यशेती ओडवारच्या मालकीची, बोट सोलफ्रिदने चालवायची आणि माशांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं हालगेरने बघायचं, असं त्या घराचं कैक वर्षं चालत आलं होतं. पोरगी जिभेची तिखट, पण काकाला लागेल असं ती सहसा बोलत नसे. आज मात्र तिच्याही तोंडाला धरबंध राहिला नव्हता. भर सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत, पाच मोठ्या पिंजऱ्यांतले मासे स्वतःला आपटून मारून घेत होते.

खाडीत माळ शिरली होती. जेलीफिश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पारदर्शक छत्री येते. ही तशी नव्हे. ही मण्यामण्यांची लांबच लांब दोरी, आठ-दहा माणसं हात पसरून उभी राहिली तरी न संपणारी. खुल्या समुद्रातून पश्चिमेच्या वाऱ्याने ती आत लोटली होती, आणि एक नाही, अशा हजारो. जाळ्याला अडली की माळ तुटते आणि तिचा नखाएवढा तुकडासुद्धा अख्ख्या माळेसारखाच डंख मारतो. ते तुकडे जाळ्याच्या भोकांतून आत जातात आणि मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांत शिरतात. रानातला सॅमन अशा वेळी तळाला जातो किंवा लांब पळून जातो. पाळलेल्याला पळायला जागाच नसते. तो गोल गोल फिरत तेच विषारी पाणी पुन्हा पुन्हा आत घेतो.

पिंजऱ्यांतलं पाणी गुलाबी झालं होतं. माशांचे डोळे पांढरे पडले होते, अंगावरची खवलं पट्ट्यापट्ट्यांनी निघून खालचं मांस उघडं पडलं होतं. जे उडी मारू शकत होते ते मारत होते, एकमेकांवर आदळत होते; बाकीचे पांढरं पोट वर करून तरंगत होते आणि तरीही तोंड उघडमीट करत होते. आदल्या दिवशी संध्याकाळी हालगेरने या सगळ्यांना खायला घातलं होतं आणि चांगलं खाल्लं म्हणून तो खूश होऊन घरी गेला होता.

हालगेर मुळात घुम्या. तरुणपणी कॉड मासे धरणाऱ्या होडीवर होता. कॉड संपत आला तसा ओडवारच्या बापाकडे कामाला लागला आणि त्याच्या मुलीशी, ओडवारच्या बहिणीशी, गुनवोरशी लग्न केलं. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच घडलं, असं तो स्वतःच म्हणे. बाकीचा सगळा जन्म माशांना खाऊ घालण्यात गेला. वादळ असो, हिम असो, नाताळ असो, तो ठरलेल्या वेळी पिंजऱ्यांवर हजर. माणूस एक दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही, मासे मात्र वाट बघत असतात, असं सांगून तो भरल्या घरातून उठून यायचा आणि गुनवोर चिडायची. आता चिडायला ती नव्हती. ईस्टरच्या सुमाराला ती गेली, आणि तेव्हापासून हालगेर आणि ओडवार यांच्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

"काका, बोट आली," सोलफ्रिद म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता.

ती मारणारी बोट होती. एका बाजूने मासे नळीतून ओढायचे, आत यंत्राचा हातोडा एकेकाच्या डोक्यावर बसणार आणि दुसऱ्या बाजूने मेलेले मासे टाकीत पडणार. पाच पिंजऱ्यांबद्दल कुणाचाच वाद नव्हता. ओडवारने मान हलवली, नळी पाण्यात गेली आणि ठक ठक ठक असा जो आवाज सुरू झाला तो दुपारपर्यंत थांबला नाही. हालगेर तिकडे पाठ करून उभा राहिला. त्याचं लक्ष सहाव्या पिंजऱ्याकडे होतं.

सहावा पिंजरा लहान, सगळ्यांत आतल्या बाजूला, नदीच्या मुखाजवळ. त्यात बियाण्याचे मासे होते. दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावतील असे थोराड नर आणि माद्या, ज्यांच्या अंड्यांवर पुढचं सगळं पीक उभं राहायचं. ओडवारच्या बापाने इथल्याच नदीतले रानमासे धरून हा वाण सुरू केला होता. मोठ्या कंपन्यांनी तो किती वेळा मागितला. म्हाताऱ्याने दिला नाही आणि ओडवारनेही दिला नाही. पाच पिंजरे गेले म्हणजे पोटावर पाय आला होता, पण पोट कसंही भरता येतं. हा वाण गेला असता तर तो पुन्हा कुठून आणणार होते? नदीतले रानमासे केव्हाच संपले होते.

आणि या माशांना हालगेरने बोटाएवढे असल्यापासून वाढवलं होतं. त्यांना तो नावं देत नसे, असले चाळे त्याला आवडत नसत. पण कुठली मादी आधी खायला येते आणि कुठला नर दांडगाई करतो हे त्याला ठाऊक होतं. हे मासे जगावेत, एवढं एकच त्याला त्या दिवशी हवं होतं.

माशांची डॉक्टर योर्दिस त्रोम्सो शहरातून आली होती. तिने एक मादी जाळीने वर घेतली, कल्ल्यावरचं झाकण उचललं आणि ओडवारला आणि हालगेरला जवळ बोलावलं.

"हे लालभडक असायला हवं. बघा, राख झालीय. कडा झडून गेल्यात. ओडवार, हेही गेलेत. आज नाही तर उद्या गुदमरतील."

"सगळे नाहीत," हालगेर म्हणाला. "ते खाली फिरतायत ते बघ की. नीट पोहतायत."

"पोहतायत, कारण दुसरं काय करणार ते?"

"तू आत्ता आलीस. मी यांना रोज बघतो."

"म्हणूनच तुला दिसत नाहीये," योर्दिस म्हणाली. ती टोचून बोलली नव्हती, पण हालगेरच्या कपाळाची शीर उठली. "हे बघ, ही बोट दुपारी निघणार. पलीकडच्या खाडीत हेच चाललंय, त्याच्या पलीकडे पण हेच. एकदा गेली की कधी परत येईल सांगता येत नाही. आत्ता हे मासे तिच्यात घातले तर एका ठोक्यात सुटतील. त्यांना कळणार पण नाही."

ओडवार धिप्पाड माणूस, पण निर्णयाची वेळ आली की त्याचे खांदे पडायचे. त्याने बोटीकडे पाहिलं, बापाच्या त्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हालगेरच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "तू काय म्हणतोस?"

"झालर लावू," हालगेर म्हणाला.

झालर म्हणजे जाड ताडपत्रीचा घेर. माशांना उवा लागण्याच्या दिवसांत तो पिंजऱ्याच्या वरच्या भागाला बाहेरून गुंडाळतात, म्हणजे वरवर तरंगणाऱ्या उवा आत येत नाहीत. ती झालर वखारीत घडी घालून पडली होती.

"उवा बाहेर असतात," योर्दिस म्हणाली. "ही माळ आत आलीय. झालर लावलीस तर आतल्या आत कोंडशील. पाणी फिरायचंच बंद होईल."

"संध्याकाळी भरती आहे. भरतीबरोबर आणखी माळा येणार. त्या बाहेर थोपवल्या तर हे मासे टिकतील. आत जी थोडी आहे ती खालून निघून जाईल."

"आणि नाही गेली तर?"

"जाईल."

"हालगेर, तू त्यांच्यासाठी बोलतोयस की स्वतःसाठी?"

ओडवारने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "लावा झालर," तो म्हणाला. "बापाचं बियाणं आहे. एक रात्र तरी द्यायला हवी."

योर्दिसने हातमोजे काढले. "आता कल्ले बघून मी ठाम सांगू शकत नाही की एकही जगणार नाही. म्हणून एक रात्र. उद्या सकाळी मी विचारणार नाही, सांगेन."

मारणारी बोट गेली तेव्हा पाच पिंजरे रिकामे होते. ती वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत योर्दिस तिच्याकडे बघत राहिली.

झालर एकट्यादुकट्याने लागत नाही. सोलफ्रिदने चार घरी फोन केले आणि तासाभरात गावातली निम्मी माणसं धक्क्यावर जमली. त्या खाडीत कुणाचं घर शाकारायचं असो की होडी ओढायची असो, निरोप गेला की लोक हातातलं काम टाकून येतात; न येणाऱ्याचं नाव पुढे वर्षभर निघतं. म्हातारा लुदविगसुद्धा आला, ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हतं.

"माझ्या बायकोच्या झग्यालासुद्धा एवढं कापड लागलं नव्हतं," झालर उलगडताना तो म्हणाला.

"तिच्यासमोर बोलून दाखव," सोलफ्रिद म्हणाली.

"म्हणून तर समुद्रात येऊन बोलतोय."

माणसं हसली. सकाळपासून पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. हालगेर फळ्यांवर पुढे-मागे धावत हुकूम सोडत होता, दोर ताण, इकडे सैल, वजनं सोडा खाली. त्या घुम्या माणसाचा एवढा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. ताडपत्री पाण्यात उतरली, तिच्या कडेच्या साखळ्या खाली गेल्या, बोटीने घेर ओढून आणला आणि अंधार पडायच्या आत टोकाला टोक मिळालं. हालगेरने शेवटची गाठ मारली आणि तो सरळ उभा राहिला. त्याला खरोखर आनंद झाला होता. ओडवारने जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली.

सकाळी सगळ्यांत आधी हालगेरच आला. दुरूनच त्याला आवाज आला. पाणी उकळताना बुडबुडे फुटावेत तसा, पण पाणी तर बर्फगार होतं. जवळ आल्यावर दिसलं ते असं : बियाण्याचे सगळे मासे वर आले होते, उभे, शेपट्या खाली आणि तोंडं पाण्याबाहेर. सगळी तोंडं उघडत होती, मिटत होती. त्यांच्यामध्ये जागा उरली नव्हती. झालर कढईसारखी झाली होती आणि तिच्यात माळांच्या चुऱ्याची साबुदाण्याच्या पेजेसारखी दाट लापशी साचली होती. भरतीने माळा झालरीच्या खालून आत शिरल्या, साखळ्यांवर घासून त्यांचे तुकडे होऊन वर तरंगले आणि बाहेर जायला त्यांना वाट राहिली नाही.

तो गुडघ्यांवर बसला. मग उठला, सुरी काढली आणि आदल्या संध्याकाळी मारलेल्या गाठी एकामागून एक कापायला लागला. ओडवार आणि सोलफ्रिद आले तेव्हा अर्धी झालर पाण्यात लोंबत होती. तिचा आता काही उपयोग नव्हता.

योर्दिस आली. तिने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. मी म्हटलं होतं, असं ती म्हणाली नाही, आणि ते हालगेरला जास्त लागलं.

"बोट?" ओडवारने विचारलं.

"सकाळीच फोन केला. पाच दिवस तरी नाही."

"मग?"

"मग हातांनी. आजच्या आज. एवढे हाल होऊ द्यायचे नाहीत."

लोक पुन्हा जमले. कालच्यासारखेच आले. फळ्या जोडून एक रुंद तराफा पिंजऱ्याला लावला, लाकडी दांडकी आणली. योर्दिसने पहिला मासा घेतला, त्याच्या डोळ्यांमागे मधोमध बोट ठेवून दाखवलं आणि एकाच घावात त्याला मारलं. मासा थरथरला आणि शांत झाला. मग सुरीने कल्ले कापले आणि रक्त फळ्यांवरून पाण्यात गेलं. "इथे," ती म्हणाली, "आणि जोरात. दया म्हणून हळू मारू नका."

मग मार सुरू झाला. सोलफ्रिद मोठ्या जाळीने मासे वर घेई आणि फळ्यांवर ओतून देई. चार-पाच माणसं गुडघ्यांवर बसून दांडकी चालवत. हे लहानसहान मासे नव्हते. एकेक इतका ताकदीचा की शेपटीच्या फटक्याने माणूस कोलमडावा. गुदमरलेले असूनही ते मरायला तयार नव्हते. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज, शिव्या, रक्ताने आणि चिकट स्रावाने निसरड्या झालेल्या फळ्या, घसरणारी माणसं. एका मादीचं पोट फाटलं आणि अंडी सगळीकडे सांडली, बारीक, फिकट, अजून पिकायची होती ती. लुदविगचा पाय त्यांच्यावरून सरकला आणि तो बसकण मारून खाली आला. तो उठला नाही. तिथेच बसून दोन्ही हातांनी अंडी फळीच्या कडेला सारत राहिला.

हालगेर दांडकं हातात घेऊन उभा होता. त्याने अजून एकही मासा मारला नव्हता.

त्याच्या शेजारी ओडवार मारत होता, पण त्याला नेम साधत नव्हता. तो चिडला होता आणि चिडून मारत होता. एका मोठ्या मादीवर त्याने एक घाव घातला तो डोळ्यावर बसला, दुसरा पाठीवर, तिसरा फळीवर. मादी त्याच्या गुडघ्यांमध्ये धडपडत होती. त्याने पुन्हा दांडकं उगारलं.

"एका घावात मार ना!" हालगेर ओरडला. "हाल कशाला करतोयस तिचे?"

ओडवारचा हात वरच थांबला. "हाल? मी हाल करतोय?" तो उठून उभा राहिला. "काल ती बोट इथं उभी होती. इथं! काल सगळे एका ठोक्यात सुटले असते. कुणी घालवली ती?"

"मालक तू आहेस. 'हो' तू म्हणालास."

"म्हणालो! तुझं तोंड बघून म्हणालो. तुला कुणाला सोडवतच नाही. गुनवोरला पण असंच धरून ठेवलंस तू. ती पुरे म्हणत होती, डॉक्टर पुरे म्हणत होते, आणि तू आणखी एक औषध बघा, आणखी एक नळी घाला. माझी बहीण होती रे ती! शेवटचा महिनाभर अशीच तोंड वासून हवा शोधत होती. अशीच!" आणि त्याने दांडकं पिंजऱ्यातल्या त्या उघड्या तोंडांकडे रोखलं.

खोटं असतं तर हालगेरने काहीतरी उत्तर दिलं असतं. खोटं नव्हतं, म्हणून त्याने मारलं. दांडकं टाकून मुठीने, सरळ नाकावर. ओडवार मेलेल्या माशांवर उताणा पडला. हालगेर त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. ओडवारने खालून त्याची मान पकडली, एकदा गुडघा घातला, मग त्याला उलथवून त्याचं डोकं फळीवर आपटलं, एकदा, दोनदा. दोघंही म्हातारपणाला टेकलेले, दोघंही जाडजूड कपड्यांतले. रक्तात आणि बुळबुळीत लोळत ते एकमेकांना पकडायला बघत होते आणि हात निसटत होते. कुणीतरी ओरडलं. जिवंत मासे त्यांच्यामध्ये उसळत होते. हालगेरचा हात दांडक्यावर पडला आणि त्याने ते उचललं.

तेवढ्यात पाण्याचा लोट आला. सोलफ्रिदने बोट धुवायचा पाइप पूर्ण उघडून दोघांच्या तोंडावर धरला होता. गार पाण्याने दोघांचा श्वास अडकला आणि ते वेगळे झाले.

"मासे मरतायत!" ती किंचाळली. ती रडत होती. "मासे मरतायत आणि तुम्ही... तुम्हाला लाज नाही वाटत? आधी यांना सोडवा, मग मरा काय मरायचं ते!"

योर्दिस एवढ्यातही थांबली नव्हती. तिचं दांडकं चालूच होतं.

ओडवार हातांवर रेलून उठला. त्याचं नाक एका बाजूला गेलं होतं आणि दाढीवरून रक्त ठिबकत होतं. अर्धवट मारलेली ती मादी अजून त्याच्या पायाशी हलत होती. त्याने आपलं दांडकं शोधलं, तिच्याजवळ गुडघे टेकले, पण ती तडफडून बाजूला सरकत होती.

हालगेर रांगत तिच्याजवळ आला. त्याने दोन्ही हात तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि ती हलणार नाही अशी घट्ट धरली. "आता," तो म्हणाला. ओडवारने मारलं. ती एकाच घावात गेली.

"पुढची," हालगेर म्हणाला.

मग दिवसभर तसंच चाललं. हालगेर धरायचा, ओडवार मारायचा. रबरी हातमोज्यांतून मासा निसटतो, म्हणून हालगेरने लोकरीचे जाड मोजे घातले होते, आणि लोकर माळांच्या चुऱ्याने भिजून गेली. प्रत्येक माशाबरोबर ते तुकडे त्याच्या कातडीत दाबले जात होते. थोड्या वेळाने त्याचे हात पेटल्यासारखे झाले, मग सुजायला लागले. योर्दिसने दोनदा मोजे काढायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. आपण मारू शकलो नाही, निदान धरू तरी, एवढंच त्याच्या मनात होतं. ओडवारला ते दिसत होतं.

मासे कमी कमी होत गेले. शेवटी पिंजऱ्याच्या तळाशी दोन उरले, एक नर आणि एक मादी. सोलफ्रिदने जाळं हळूहळू वर ओढून घेतलं. हालगेरने नराला धरलं, मग मादीला. मारून झाल्यावर त्याने मादीच्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि तिला बाकीच्यांमध्ये ठेवलं. त्याला उठता येईना. ओडवारने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि लगेच हात काढून घेतला.

मोजे निघत नव्हते. योर्दिसने ते कात्रीने कापून काढले. बोटं एकमेकांना चिकटावीत इतकी सुजली होती, कातडीवर लाल वळ उठले होते.

"गरम पाण्यात धर. मग दवाखान्यात जा. मी माशांची डॉक्टर आहे."

"मग बरोबर जागी आलाय," लुदविग म्हणाला. कुणी हसलं नाही, त्यालाही हसू आलं नाही.

हालगेर घरी जायला निघाला होता. सोलफ्रिदने त्याच्या दंडाला धरून त्याला मागे वळवलं. गाव मदतीला आलं की ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, काम फळो न फळो, हा तिथला नेम. ओडवारच्या बायकोने दिवसभर मोठ्या भांड्यात बोकडाचं मटण कोबीबरोबर शिजवत ठेवलं होतं. जाळ्यांच्या वखारीत लांब टेबलं मांडली होती. माणसं हात धुऊन, खाली मान घालून बसली. पुढच्या वर्षी काय, असं कुणी विचारलं नाही. मोठ्या कंपनीची पिल्लं आणावी लागतील किंवा जागाच विकावी लागेल, हे सगळ्यांना कळत होतं. आपला वाण संपला होता.

हालगेरला जागा मिळाली ती नेमकी ओडवारसमोर. ओडवारच्या नाकात कापूस कोंबलेला होता आणि एक डोळा मिटला होता. ताटं वाढली गेली. हालगेरने काटा उचलायचा प्रयत्न केला; तो बोटांतून निसटून खाली पडला. सोलफ्रिदने उचलून दिला, पुन्हा पडला. आजूबाजूची माणसं आपापल्या ताटात बघायला लागली. हालगेरने दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर ठेवले आणि तो तसाच बसून राहिला. वाफ त्याच्या तोंडावर येत होती.

ओडवारने हात लांब करून त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. सावकाश, घाई न करता त्याने मटणाची हाडं काढून बाजूला केली, मांसाचे लहान लहान तुकडे केले, कोबी चिरला. गरम बटाटा हातात घेऊन त्याची सालं सोलली, बोटं भाजत होती तरी पूर्ण सोलली, मग दुसरा. सगळं एकत्र करून त्याने ताट पुन्हा हालगेरसमोर सरकवलं. मग स्वतःचा चमचा पुसून त्याने हालगेरच्या सुजलेल्या हातात दिला आणि त्याची बोटं एकेक करून चमच्याभोवती मिटवली.

"गार होतंय," तो म्हणाला.

हालगेर खाली मान घालून जेवायला लागला. त्याला खूप वेळ लागला. बाकीच्यांची जेवणं उरकली, कॉफी आली, तरी कुणी उठलं नाही. त्याने ताटात काही ठेवलं नाही.